अण्णा बटण दाबत नाहीत

साखर कारखान्याच्या हंगामाचा भोंगा झाला की माझ्या माहेरी, भवानीनगरला, दोन गोष्टी हमखास होतात. दोरीवरच्या धुण्यावर काजळीचे बारीक काळे कण येऊन बसतात, आणि माझं डोकं फिरतं. धुण्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. बायका हंगामभर पांढरे कपडे आतल्या खोलीत वाळवतात. डोक्याचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यानं विचारलं की मळीच्या वासावर ढकलते. आम्ही राहतो इंदापुरात, तिथं बसून त्याला काय कळणार तो वास.

खरं कारण सांगितलं तर लोक हसतील. शाळेत गणित शिकवणाऱ्या संसारी बाईनं दर हंगामाला एका कॉम्प्युटरच्या सीडीपायी फणफणावं, ही काय रीत झाली? पण मी मुळातच डूख धरणारी. आई म्हणते, "सुजाच्या पोटात गेलेलं भाईर येत न्हाय." खरंच आहे ते. लहानपणी चुलतबहिणीनं माझी कंपासपेटी वापरली होती, ती कुठल्या दिवशी, हे मी आजही सांगेन.

हंगाम म्हणजे काय काय असतं. दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले असतात, मागून एसटी हॉर्न देऊन दमते. रस्त्यावर सांडलेला ऊस चाकाखाली चिरडून चिकट होतो, चप्पल उचलताना चट् असा आवाज येतो. शेतांच्या कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडतात. सकाळी थंडी, दुपारी ऊन. आणि त्याच दिवसांत आमच्या घरामागच्या तुकड्यात ज्वारी चिकात येते, कोवळा दाणा भरतो. सगळीकडं ऊस असला तरी अण्णांनी घरच्या भाकरीपुरती ज्वारी कधी सोडली नाही. पाखरांना तेवढीच एक जागा सापडते, मग अख्ख्या शिवारातली पाखरं आमच्याकडं पंगतीला. त्यांना हाकायला आई शेतात सीड्या टांगते. उन्हात त्या लकाकतात, वाऱ्यानं गरगरतात, पाखरं बिचकतात. आता सीड्या मिळत नाहीत म्हणून ती जुन्याच वर्षानुवर्षं जपून वापरते. हंगाम सरला की सुतळीत ओवून गोठ्याजवळच्या लिंबाला अडकवते, पुढच्या वर्षी काढते.

आमच्या घरात आणखी एक रीत आहे. अण्णा बटण दाबत नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील, कारखान्याच्या टाइम ऑफिसात, हजेरीच्या खात्यात, कारकून होते. टीव्ही बघतील तासभर, पण लावायचा आणि बंद करायचा दुसऱ्यानं. मोबाइल वाजला की शेजारी बसेल त्याच्या हातात देतात, "घे, दाब ते हिरवं." पंख्याला, मिक्सरला, कशालाच हात लावायचे नाहीत. शेतातली मोटर चालू करायला सत्तरी गाठलेली आई जाते आणि जाताना म्हणते, "सरदारांना बटनाची शपथ हाय." पाहुणे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायची. हे कधीपासून, ते कुणाच्या ध्यानात नाही. उतारवयातली लहर म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

यंदा हंगाम चालू व्हायला आणि आमच्या शाळेत लिनक्स यायला एकच गाठ पडली. शाळेतले कॉम्प्युटर जुने, त्यांच्यावर नवं विंडोज चालेना. मुख्याध्यापकांनी कुठूनसा माणूस आणून सगळ्यांवर लिनक्स टाकून घेतलं आणि मला बोलावून म्हणाले, "मॅडम, तुमचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालाय ना? ही खोली तुमच्याकडं." मी म्हटलं, सर, डिप्लोमा अर्धवट सोडून मी डी.एड. केलंय. ते म्हणाले, अर्धवट तर अर्धवट, इथं कुणाचा पाव पण नाही. घेतली किल्ली. पहिल्या दिवशी एकटीच आत गेले, एक मशीन चालू केलं, पडद्यावर ते उगवलं, आणि मी मागं सरकून खुर्चीवरून उठले. सोळा वर्षांत त्याचं रूप बदललंय, रंग बदललाय. पण ज्यानं आपल्याला दगा दिला तो माणूस म्हातारा झाला तरी ओळखू येतो की.

हे लिनक्स माझ्या आयुष्यात आणलं ते डिप्लोमाच्या वर्गातल्या मैत्रिणीनं, पणदऱ्याच्या वैशालीनं. तिच्या घरी गाई, पहाटे धारा काढून बारामतीला कॉलेजला यायची, हाताला दुधाचा वास. मी उलट्या दिशेनं, भवानीनगरहून. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघी बसायचो आणि दोघींत माउस तिचा, कीबोर्ड माझा, अशी वाटणी. तिचा स्वभाव असा की बंद डबा दिसला की उघडलाच पाहिजे. एकदा लॅबमधला बंद पडलेला माउस तिनं पिनेनं उघडला, आतली घाण फुंकर मारून काढली आणि परत चालू केला. मॅडम रागावल्या, मला मात्र ती फार थोर वाटली. माझं सगळं उलटं. मला कुणी हात धरून नेलं तरच मी पाण्यात पाय घालणार.

तेव्हा लॅबमधले कॉम्प्युटर व्हायरसनं पोखरलेले होते. पेनड्राइव्ह लावला की तो आजारी, घरी नेऊन लावला की घरचा आजारी. वैशाली एके दिवशी कागदी पाकिटातली सीडी घेऊन आली. "हे बघ, लिनक्स. चोरीचं न्हाय, फुकट हाय. व्हायरसला थारा नाही. आणि सुजे, ह्याच्यात काहीच लपवलेलं नसतं. आतलं सगळं उघडून बघता येतं." तिचे डोळे असे चमकत होते की जणू गावाची वेस ओलांडायची वाट तिलाच सापडली होती. मलाही हुरूप आला. डिप्लोमाला पोरी तेव्हा थोड्या, आमच्या हातात मशीन द्यायला मुलं का कू करायची. आपण दोघींनी, कुणा मेकॅनिकला न बोलावता, अख्खा कॉम्प्युटर नव्यानं उभा करायचा, ही कल्पनाच भारी होती.

कॉम्प्युटर आमच्या घरी होता. माझ्यासाठी घेतलेला, पण वापरायचे अण्णा. अण्णांनी तरुणपणी बारामतीत मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती, बोटं अशी चालायची की पाऊस पडल्यासारखा आवाज. ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले, चहा घेतला की बसायचे. ते आमच्या वस्तीची वही लिहीत होते. आजोबांच्या पिढीनं बुद्धाची वाट धरली, त्या वर्षी वस्तीत कोण काय बोललं, कुणी काय सोडलं, कुणाला काय सोडवलं नाही, हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकायचं, वहीत टिपायचं, मग फायलीत चढवायचं. वहीची पानं फायलीत चढली की ते बंबात घालायचे. मी ओरडले तर म्हणाले, "आता मशिनीत हाय की. दोन जागी कशाला पसारा?" तीन वर्षं चाललं होतं ते.

त्यातली गंगूआत्या मला तोंडपाठ आहे. तिच्या घरातले देव फडक्यात बांधून नीरा नदीत सोडले, तेव्हा तिची सासू तोंडातून शब्द न काढता काठावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनंच भिंतीतली रिकामी देवळी सारवली आणि त्यात नातवाची पाटी उभी करून ठेवली. म्हणाली, मोकळी जागा बघवत न्हाय. अण्णा हे मला वाचून दाखवताना चष्मा काढून पुसायचे. मला त्यांनी एकच ताकीद दिली होती, "तुझा कालिजचा काय गोंधळ घालायचा तो घाल, माझ्या फायलीला तेवढा हात लावू नगंस."

मी वैशालीला हे सांगितलं. ती म्हणाली, "काही जाणार नाही. आधी पेनड्राइव्हवर काढून घेऊ, मग परत टाकू. माझी जबाबदारी." हे तिचे शब्द. मी शपथेवर सांगेन.

अण्णांची पहिली पाळी होती. आई रानात. आम्ही दोघी दुपारी घरात, दार लोटून, कीबोर्डवर वाकलेल्या. फाईल वैशालीच्या पेनड्राइव्हवर घेतली. सीडी घातली. पडद्यावर विचारणा आली, सगळं पुसून टाकायचं का? वैशाली म्हणाली, पुसू की, त्या व्हायरसांना ठेवून काय पूजा करायचीय. मी एंटर दाबलं. मधे एकदा पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना, ना अक्षर ना ठिपका. आम्हाला वाटलं कीबोर्ड मेला. चारदा काढून लावला. नंतर कळलं, ते दाखवतच नाही. आज्ञा दिली आणि काम झालं तर अवाक्षर बोलत नाही, चुकलं तरच बोलतं. आमच्या आईसारखंच. हसून हसून पुरेवाट झाली. गाणं वाजेना, प्रिंटर ओळखेना, तरी आम्ही खूश. तपकिरी रंगाचा पडदा उघडला तेव्हा वैशालीनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. इतकी निर्मळ दुपार माझ्या वाट्याला पुन्हा आली नाही.

मग अण्णांची फाईल परत टाकली आणि सहज उघडून बघितली. अक्षरं होती, पण मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरांवर टोप्या, टिंबं, शेपट्या, मधेच चौकोन, मधेच प्रश्नचिन्हं. पानामागून पान तसंच. गंगूआत्या नाही, नीरा नाही, देवळी नाही. मी वैशालीकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं फाईल बंद करून उघडली, परत बंद करून उघडली. पेनड्राइव्हवरची उघडली, तीही तशीच. "काय गं हे?" मी विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली. जिला सगळं माहीत असायचं तिच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकत होते.

तेवढ्यात अण्णांची सायकल वाजली.

अण्णा पाय धुऊन आले, पडदा बघून थबकले. "ह्ये चित्र का बदललं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "बिघडला होता. वैशालीनं दुरुस्त केला." ते खुर्चीवर बसले, फाईल उघडली. बराच वेळ खाली-वर, खाली-वर करत राहिले. मग म्हणाले, "ही कुणाची भाषा म्हनायची?"  मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुजा, परवा लाइट सारखी ये-जा करत हुती, तवा मी बटन दाबून डायरेक बंद केला हुता. त्यानं झालं आसंल का गं?"

वैशाली दाराला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "असेल."

एवढाच शब्द. अण्णांनी मान हलवली. मग वैशालीकडं वळून म्हणाले, "पोरी, तू लई खटपट केलीस. च्या घेऊन जा."

तिला एसटीपर्यंत सोडायला गेले तेव्हा वाटेत ती थांबली. म्हणाली, "तू खरं का नाही सांगितलंस? मी सांगते परत जाऊन." मी म्हणाले, "खबरदार. तूच म्हणाली होतीस ना, काही जाणार नाही? तुझी जबाबदारी?"  ती म्हणाली, "दोन दिवस दे मला. विचारून येते कुणाला तरी."

दोन दिवस झाले, चार झाले. ती कॉलेजलाच आली नाही. लॅबमध्ये आमच्या कॉम्प्युटरवर मी एकटी. मग मुलींकडून कळलं, पुण्याला इंटरव्ह्यूला गेलीय. मला कळेपर्यंत सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. माझ्या बापाची तीन वर्षं मातीत घालून ही बया पुण्याला नोकरी शोधायला गेली होती. असा संताप झाला की डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना, आणि ते लपवायला मी पदार्थविज्ञानाच्या वहीत तोंड खुपसून बसले.

आठवड्यानं ती येऊन गेली, मी घरी नसताना. आईच्या हातात कागदी पाकिटातली सीडी दिली. सीडीवर काळ्या पेननं लिहिलेलं, 'अण्णांसाठी'. ती सीड्यांवर असंच लिहायची. 'लॅबसाठी', 'मॅडमसाठी', 'सुजासाठी'. सगळ्या लिनक्सच्या. मी ती पाकिटातून ओढून उलटून पालटून बघितली आणि म्हटलं, वा. आग लावून वर तेल आणून दिलं. कपाटावर भिरकावली. चौकातल्या मेकॅनिकला बोलावलं, त्यानं ते लिनक्स पुसून विंडोज परत टाकलं. अण्णांची ती टोप्या-शेपट्यांची फाईलही गेली त्यात. जाऊ दे म्हटलं, मेलेलीच होती.

तेव्हा ज्वारी चिकात आली होती. आई म्हणाली, "तुझ्याकडं वाया गेल्याल्या शिड्या आसतील तर दे गं, पाखरं लई झाल्यात." मी ढीग काढून दिला. सगळ्यांत वर तीच ठेवली, मुद्दाम. म्हटलं, वैशालीची विद्या पाखरं हाकायच्याच लायकीची आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतात गरगरताना बघून मला बरं वाटलं. हे लिहायला आज लाज वाटते, पण बरं वाटलं होतं.

नंतर एकदा लॅबच्या दारात तिनं मला गाठलं. "बघितलीस का सीडी?" मी म्हणाले, "बघितली." "मग?" "मग काय, काही नाही."  ती हळूच म्हणाली, "बरं." त्या दिवसापासून ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसायला लागली. मी वर्ष पुरं केलं नाही. कानाला खडा लावला, कॉम्प्युटर सोडला, डी.एड.ला नाव घातलं.

अण्णांनी पुन्हा टायपिंग केलं नाही. एकदा मी म्हटलं, परत सुरू करा की. ते म्हणाले, "सांगायला मानसं कुठं ऱ्हायली." गंगूआत्या त्याच उन्हाळ्यात गेली होती.

आणि परवा, शाळेत. आमच्या साळुंखे मॅडम, मूळच्या वडगाव निंबाळकरच्या, मधल्या सुट्टीत पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांनी जनावरांच्या गावठी औषधांची वही टाइप करून ठेवली होती, तिची प्रत काढायची होती. मी फाईल उघडली. इंग्रजी अक्षरांवर टोप्या, टिंबं, शेपट्या.  मी म्हणाले, "मॅडम, ही खराब झालीय." साळुंखे मॅडम हातातला चहा न ठेवता म्हणाल्या, "छे हो, खराब कुठली. जुना फॉन्ट आहे, तो अक्षरांचा साचा ह्या मशीनवर नाही एवढंच. त्याच पेनड्राइव्हवर आहे बघा, लेकीनं दिलाय. टाका." कालवणात मीठ नाही, घाला, असं सांगावं तसं. मी टाकला. फाईल पुन्हा उघडली. 'गाईच्या पोटफुगीवर ओवा व काळे मीठ', स्वच्छ मराठीत.

साळुंखे मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला बरं वाटत नाही का?" नवऱ्याला सांगते तेच कारण मी पुढं केलं, मळीच्या वासानं डोकं चढलंय.

फाईल धडधाकट होती. अण्णांचा शब्द न् शब्द तिथं होता, फक्त आम्हाला वाचता येत नव्हता. आणि जिवंत माणसाला मेलेलं समजून मी मेकॅनिकच्या हवाली केलं होतं.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वैशालीचा नंबर होता, वर्षानुवर्षं होता. आम्ही दोघी एकमेकींच्या लेकरांच्या वाढदिवसाला केकचं चित्र टाकत होतो, बोललो नव्हतो. फोन केला. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "बोल." मी फॉन्टचं सांगितलं. 

"सुजे," ती म्हणाली, "मी दिली होती की सीडी. तुमची फाईल आणि फॉन्ट, दोन्ही. सोबत कागदावर लिहून, कसा टाकायचा ते. बारामतीत कुणाला माहीत नव्हतं, म्हणून पुण्याला गेले. इंटरव्ह्यू तिथं गेल्यावर दिला, कुणीतरी सांगितलं म्हणून. काकूंच्या हातात दिली सीडी. कागद पाकिटात होता."

"पाकिटात मी बघितलंच नाही."

"तू म्हणालीस बघितली."

 ती फाईल घेतलेल्या पेनड्राइव्हचं मी विचारलं. ती म्हणाली, तो कधीच गेला. मग तिचा आवाज बदलला. "मला वाटलं, अण्णांची फाईल मिळाली, काम झालं, आता पणदऱ्याच्या पोरीची काय गरज. मी त्या वर्षी घरी येऊन रडायचे. आई विचारायची, कुणी काय बोललं का. काय सांगणार, कुणी काही बोललंच नाही." मग म्हणाली, "अण्णांना सांगितलंस का नंतर तरी? की आपण दोघींनी केलं होतं, त्यांनी नाही?"

"नाही."

"अजून?"

तिनं फोन ठेवला. आदळला नाही, नीट ठेवला. मला तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी तर दोन संन्यासी सुळावर चढवले आणि वर स्वतःच रुसून बसले. सोळा हंगाम. दरवर्षी काजळी पडायला लागली की मी मनातल्या मनात वैशालीला उभी करायची, तिला नाही नाही ते बोलायची, आणि भवानीनगरला जाऊन हुरडा खाऊन यायची. तो हुरडा राखायला तिचीच सीडी टांगलेली असायची.

रविवारी माहेरी गेले. ज्वारी चांगली आहे यंदा. आई बांधाला गवत काढत होती, उसाला पाणी चालू होतं, मोटरचा घुंऽऽ असा आवाज रानभर. अण्णा लिंबाखाली खाटेवर बसले होते. आईनं सीड्या अजून बांधलेल्या नव्हत्या, माळ लिंबालाच होती. मी ती काढली. आशा बघा माणसाची कशी असते, एसटीत बसल्या बसल्या मी ठरवलं होतं की शाळेतल्या मशीनला सीडी घालायची जागा आहे, आजच जाऊन लावू.

अकरा निघाल्या. एकीवरही काही लिहिलेलं उरलं नव्हतं. वरचा चंदेरी थर पापुद्रे सुटून गेला होता, कुठं नखाएवढा शिल्लक, कुठं तोही नाही. नुसतं काचेसारखं प्लास्टिक. एकेक धरून बघितली, आरपार ज्वारी दिसत होती. यातली वैशालीची कुठली, तेही सांगता येईना.

"काय हुडकतीस?" अण्णांनी विचारलं.

मी खाटेच्या कडेला बसले आणि सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. एंटर कुणी दाबलं, बिघडला होता हे कसं खोटं होतं, सीडी कुठं गेली, फॉन्ट म्हणजे काय. मधे कुठं रडले नाही. शाळेत गणित सोडवून दाखवते तसं पायरी पायरीनं सांगितलं. मनात उत्तरं तयार ठेवली होती. ते फायलीचं विचारतील, गंगूआत्याचं विचारतील, मी म्हणेन तुम्ही सांगा, मी लिहून घेते. वैशालीला बोलावू. रागावतील तर रागावू देत.

अण्णांनी यातलं काही विचारलं नाही. हाताचे तळवे गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मी न्हवतं केलं."

"नाही अण्णा."

"बटनानं न्हवतं झालं."

"नाही."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. टीव्ही, पंखा, मोबाइलचं हिरवं बटण, आईची सरदारांची थट्टा आणि माझं सगळ्यांत मोठं हसणं. 

ते उठले. बांधावरून मोटरच्या पेटीकडं चालायला लागले. आईनं लांबून हाळी दिली, "थांबा, मी येती बंद कराया." अण्णा थांबले नाहीत. पेटीचं झाकण उघडलं, बोट पुढं केलं, तसंच जरा वेळ धरलं आणि तांबडं बटण दाबलं. रानातला आवाज एकदम थांबला. आई खुरपं हातात घेऊन त्यांच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं.

अण्णा परत येताना माझ्याजवळ थांबले. आवाज चढवला नाही. आमच्याकडं कुणी चढवत नाही.

"त्या पोरीला मी म्हनलो, लई खटपट केलीस," ते म्हणाले. "आन समदं ठावं आसून तू तितंच हुभी हुतीस."

ते घराकडं गेले. पाटातलं पाणी अजून थोडं पुढं सरकत होतं. मी लिंबाखाली उभी होते, हातात सीड्यांची माळ, आणि ज्वारीत पाखरं उतरायला लागली होती.